सहा मार्कांपायी सोडलेली सीट: बारावी सायन्स ते टर्नर, एका पोराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या सख्ख्या भाच्याचं आहे. त्याला विचारूनच लिहितेय, तो म्हणाला लिही की, पण माझं नाव नको आणि गावाचं तर अजिबात नको, गावात आधीच काय कमी चर्चा झालीय. म्हणून त्याला बंड्या म्हणू. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, एमआयडीसीचे भोंगे ऐकू येणार नाहीत इतकं लांब पण तिथल्या बसगाड्या पोरांना न्यायला येतात इतकं जवळ. आई म्हणजे माझी अक्का, वडील एसटीत ड्रायव्हर, घरी दोन एकर ऊस, एक धाकटी बहीण.

आणि मी? मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, एकोणीस वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकते कारण या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक कुणी केली तर ती मीच केली, आणि ती शिक्षिका असल्यामुळेच केली.

बंड्या २०२० ची दहावी. म्हणजे ज्यांचा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळं रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीनं मार्क मिळाले ती बॅच. ७६.४० टक्के पडले. आमच्याकडं पंच्याहत्तरच्या वर गेलं की सायन्स, त्याच्यावर चर्चाच होत नाही, कुणी विचारलंही नाही की बाबा तुला काय करायचंय. अकरावी गेली मोबाइलवर. घरात चांगला फोन एकच, तो दाजींचा, दाजी ड्युटीवर गेले की फोनपण ड्युटीवर. त्यामुळं अकरावीचं ट्रिगनॉमेट्री आणि व्हेक्टर त्यानं खरं सांगायचं तर केलंच नाही. बारावीला कॉलेज सुरू झालं तोवर ऑक्टोबर उजाडला आणि तेवढ्यात एसटीचा संप लागला, तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत. पाच-सहा महिने घरात पगार नाही. क्लासची फी अक्काच्या पाटल्या गहाण ठेवून भरली, हे मला नंतर कळलं.

अडचण

८ जून २०२२ ला निकाल लागला. एकूण ५१ टक्के, पास. घरात पेढे वाटले. मी मार्कलिस्टचा फोटो झूम करून बघितला आणि पोटात गोळाच आला. फिजिक्स ३९, केमिस्ट्री ४०, मॅथ्स ३५. बेरीज ११४, म्हणजे ३०० पैकी ३८ टक्के.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला नुसतं बारावी पास आणि सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दिली एवढं चालत नाही, पीसीएमला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून, ओपनला ४५ टक्के लागतात, राखीव आणि ईडब्ल्यूएसवाल्यांना (आर्थिक दुर्बल घटक) ४०. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. दाजींचं गणित साधं होतं, पास झालाय, सीईटी द्यायची, कुठलं तरी कॉलेज मिळेल, कर्ज काढू. मी फोनवर सांगितलं की ईडब्ल्यूएसचा दाखला काढून ४० ची अट धरली तरी आपण सहा मार्कांनी बाहेर आहोत. पलीकडं बराच वेळ शांतता. मग दाजी म्हणाले, "म्हंजे ही पास नव्हंच की मग."

आणखी एक गोष्ट जी मी तेव्हा कुणाला बोलले नाही. फिजिक्सच्या ३९ मध्ये २८ प्रॅक्टिकलचे होते, जे सगळ्यांनाच मिळतात, म्हणजे लेखीत सत्तरपैकी अकरा. मॅथ्समध्ये वीसपैकी सतरा असेच आलेले, लेखीत ऐंशीपैकी अठरा. दरवर्षी माझ्या वर्गात अशी पंधरा-वीस पोरं असतात आणि मी त्यांना पास झालात म्हणून शाबासकी देते. हे पोर माझ्या घरचं होतं म्हणून पहिल्यांदा आकडे उलटे करून बघितले.

समोर कोणते रस्ते होते

जूनच्या त्या पंधरवड्यात जो येईल तो एकेक सल्ला देऊन जायचा. क्रमानं लिहिते म्हणजे गोंधळ कळेल.

श्रेणीसुधार, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या पुरवणी परीक्षेला पुन्हा सगळे पेपर द्यायचे, पीसीएम वाढवायचं आणि त्याच वर्षी इंजिनिअरिंगला जायचं. हा माझा सल्ला. सहा मार्क म्हणजे काय, मी स्वतः शिकवते ना, दीड महिन्यात सहा मार्क सहज काढू. असं मी म्हणाले होते, शब्दशः.

बीएस्सी. तालुक्याच्या कॉलेजात, फी कमी, येऊन-जाऊन करता येईल. याला कुणी जोरात हो पण म्हणालं नाही आणि नाही पण.

डिप्लोमा. बारावी सायन्सवाल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हा पर्याय कागदावर छान होता पण पोराचं मॅथ्स ऐंशीपैकी अठरा, आणि थेट दुसऱ्या वर्षाला गेलं की पहिल्या वर्षाचं मॅथ्स कुणी शिकवायला थांबत नाही. शिवाय जवळचं होतं ते खाजगी.

पुण्याला कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स, फी पासष्ट हजार आणि शंभर टक्के प्लेसमेंट, हे बंड्याच्या काकांनी आणलं होतं. मी एवढंच विचारलं की प्लेसमेंट लागली नाही तर फी परत देणार असं लिहून देतात का. विषय तिथंच संपला.

सैन्य. १४ जूनला अग्निपथ, म्हणजे चार वर्षांपुरती सैन्यभरती, जाहीर झाली, निकालानंतर आठवड्याभरातच, आणि गावातली जी पोरं दोन-दोन वर्षं पहाटे पळत होती ती चार वर्षांचं ऐकून पारावर सुन्न बसलेली. बंड्याला चष्मा, त्यामुळं तो या चर्चेत नव्हताच.

आणि आयटीआय. हे नाव घेतलं बंड्याच्या आजीनं, दाजींच्या आईनं, कारण शेजारच्या गल्लीतला एक पोरगा वायरमन होऊन महावितरणला लागला होता. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अहो आत्या, आयटीआय दहावीनंतर असतं, बारावी सायन्स करून कोण जातं तिकडं." हे अर्धवटच खरं होतं. प्रवेशाला दहावी पास लागतं हे बरोबर, काही ट्रेडला, म्हणजे कोर्सला, तर आठवीपण चालते, पण बारावी झालेली पोरं ढिगानं जातात, फक्त मेरिट दहावीच्या मार्कांवर लागतं. आणि इथंच गंमत होती. बारावीला ५१ वाला बंड्या आयटीआयच्या यादीत मात्र ७६.४० वाला होता, म्हणजे चांगल्या ट्रेडला लागणारा.

पहिला निर्णय, जो चुकला

श्रेणीसुधारचा फॉर्म भरला. बंड्या माझ्याकडं राहायला आला. सकाळी मॅथ्स, दुपारी केमिस्ट्री, रात्री मी कॉलेजवरून आले की फिजिक्स.

इकडं अक्कानं मला न सांगता ई-सेवा केंद्रात जाऊन आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरला. विकल्पात पहिल्या नंबरला इलेक्ट्रिशियन, बावीस किलोमीटरवरचं सरकारी आयटीआय. तिला वाटलं असावं एक असलेलं बरं. पहिल्या फेरीत त्याला तीच सीट लागली, पहिली पसंती, सरकारी, इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, वर्षाची फी एका बुटाच्या जोडाएवढी. ज्या सीटसाठी लोक गावातल्या पुढाऱ्याच्या मागं फिरतात.

अक्कानं फोन केला, घाबरतच. "घ्यायची काय गं?"

मी म्हणाले नको. पोराचं लक्ष दोन्हीकडं राहील, आणि पुढच्या फेऱ्या आहेतच की, निकाल लागेपर्यंत थांबू.

आता यात नियम असा आहे की पहिल्या विकल्पाची सीट लागली आणि तुम्ही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाद, सगळ्यात शेवटी उरलेल्या जागांची समुपदेशन फेरी असते तेव्हाच परत नंबर. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. मी माहितीपुस्तिका उघडलीच नव्हती. इंजिनिअरिंगचं ब्रोशर मला पाठ होतं, हे बघायची गरजच वाटली नाही. दुसऱ्यांच्या पोरांना फॉर्म भरायला मदत करणारी बाई मी, आणि घरच्या पोराची सीट एका फोनवर घालवली.

ऑगस्टमध्ये पुरवणी आणि सीईटी दोन्ही एकाच वेळी आल्या, पोर नुसतं या परीक्षेतून त्या परीक्षेत. सीईटीचा स्कोअर सांगण्यासारखा नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला पुरवणीचा निकाल लागला. फिजिक्स ४५, सहा मार्क वाढले, मी शिकवलेल्या विषयात वाढले. मॅथ्स परत ३५. केमिस्ट्री ४० चे ३८ झाले. बेरीज ११८. लागत होते १२०.

माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं ती बेरीज तीनदा केली, फोनच्या कॅल्क्युलेटरवर, आणि मग म्हणाला, "मावशी, दोन कमी हायत." रडला वगैरे नाही. मला वाटतं त्याला सुटल्यासारखंच झालं होतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरा निर्णय: उरलेल्यातलं काय घ्यायचं

समुपदेशन फेरीला दाजी रजा टाकून गेले, मी पण गेले. इलेक्ट्रिशियन फुल, फिटर फुल, मोटार मेकॅनिक फुल. फळ्यावर उरलेलं होतं ते वेल्डरच्या काही जागा, शीट मेटल, आणि टर्नरची एक. शिवाय बाहेर एका खाजगी संस्थेचा माणूस उभा, इलेक्ट्रिशियन देतो म्हणत होता, फी सरकारीच्या किती तरी पट.

दाजींचा कल खाजगी इलेक्ट्रिशियनकडं होता, कारण इलेक्ट्रिशियन म्हटलं की लोकांना कळतं, टर्नर म्हटलं की विचारतात म्हणजे काय. मी यावेळी तोंड बंद ठेवलं. बंड्यानं तिथल्या शिल्पनिदेशकांना, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या सरांना, सरळ विचारलं, "सर, टर्नरला काय करायचं असतं?" सर म्हणाले चल दाखवतो आणि वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर, एक सेकंड इयरचा पोरगा काम करत होता, चकमध्ये (बार पकडणाऱ्या जबड्यात) गोल बार फिरतोय, टूल लागलं की लोखंडाची सुरळी निघतेय संत्र्याच्या सालीसारखी. बंड्या तिथं दहा मिनिटं उभा राहिला. बाहेर येऊन म्हणाला हेच घेतो.

आता याला काही विचारपूर्वक करिअरची निवड म्हणता येणार नाही, पण खरं सांगू, अकरावीला सायन्स घेताना त्याला प्रयोगशाळेचं दारसुद्धा कुणी दाखवलं नव्हतं.

आयटीआयची दोन वर्षं

सगळं छान छान नव्हतं. वीस पोरं आणि चालू लेथ आठ, त्यातल्या दोन लेथच्या गिअरमधून आवाज यायचा. नंबर येईपर्यंत उभं राहायचं. पहिले काही आठवडे तर लेथ नाहीच, व्हाइसला (शिकंज्याला) पट्टी लावून फाइल, म्हणजे कानस, घासायची, तळहाताला फोड, संध्याकाळी भाकरी मोडता यायची नाही असं अक्का सांगायची. मग एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) कापायचं टूल ग्राइंडरवर स्वतः घासून करायचं. बंड्यानं पहिलं टूल पाण्यात न बुडवता एकटाकी घासलं आणि त्याचं टोक तापून निळं पडलं. सरांनी ते निळं टूल त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, खिशात ठेव, रोज बघायचं. अजून आहे त्याच्याकडं.

एक रात्र मला नीट आठवते. साडेनऊला फोन आला. "मावशी, मोठा डाया चाळीस, लहान तीस, टेपरची लांबी पन्नास. अँगल सांग."

डाया म्हणजे व्यास, टेपर म्हणजे निमुळता होत जाणारा भाग. मी म्हटलं तूच काढ.

"काढलाय. चाळीस वजा तीस दहा, भागिले दोन पन्नासी शंभर, झिरो पॉइंट वन. टॅन इन्व्हर्स. पाच अंश त्रेचाळीस मिनिटं. कंपाउंड स्लाइड तेवढी फिरवायची."

अगदी बरोबर होतं. कंपाउंड स्लाइड म्हणजे लेथवरचा टूल धरणारा, तिरका फिरवता येणारा भाग. पुढं म्हणाला की स्लाइडवर नुसते अंश असतात, मिनिटं नसतात, त्यामुळं अंदाजानं पावणेसहा लावलं आणि जॉब चुकला, मग बेव्हेल प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन मोजायचं साधन, लावून बघितलं, त्यावर पाच-पाच मिनिटं मोजता येतात, आणि स्लाइडला हातोडीनं अगदी हलकं टिचकीएवढं ठोकत ठोकत आणलं. चौथ्या जॉबला बसलं. हे सगळं एका दमात सांगत होता. ऐंशीपैकी अठरावाला पोरगा.

मी एकोणीस वर्षांत हजारो पोरांना टॅन थीटा शिकवला असेल आणि एकदाही तो कशाला तरी हातानं लावून बघितलेला नाही. त्या रात्री फोन ठेवल्यावर थोडं हसू आलं आणि थोडं नाही.

त्यामुळं बारावी वाया गेली असं मी म्हणणार नाही. आयटीआयमध्ये वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय असतो, दहावीवरून आलेली पोरं त्यात अडकायची आणि बंड्या त्यांना शिकवायचा. पण एवढ्यासाठी दोन वर्षं आणि पाटल्या घालवायची गरज होती का, हा प्रश्न वेगळा.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर पाय घसरणार होता. चाकणला असलेला एक चुलतभाऊ आला, म्हणाला चौदा हजार देतो कॉन्ट्रॅक्टर, ऑपरेटर म्हणून, ये उद्यापासून, आयटीआय करून तरी हेच करणार ना. घरात पुन्हा चर्चा. चौदा हजार म्हणजे त्या घराला मोठी रक्कम. इथं सरांनी वाचवलं. ते म्हणाले जा खुशाल, पण तुझ्या नावापुढं आयुष्यभर हेल्परच लागेल, ट्रेडचं सर्टिफिकेट हातात असेल तर पुढं डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, रेल्वेचे, सरकारी कंपन्यांचे फॉर्म भरता येतात, आणि हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली तर मी परीक्षेला बसू देणार नाही. दाजींना शेवटचं वाक्य पटलं. एसटीतल्या माणसाला हजेरीची भाषा बरोबर कळते.

तिसरा निर्णय: अप्रेंटिसशिप कुठं करायची

२०२४ च्या ऑगस्टमध्ये परीक्षा झाली, पास झाला. आता पुढं एक वर्ष अप्रेंटिस, म्हणजे कंपनीत शिकाऊ. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठरावीक टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला तेव्हा महिन्याला किमान ८,०५० विद्यावेतन होतं. राज्य सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना त्याच वर्षी आली होती, तिच्यातही आयटीआयवाल्याला ८,००० मिळत होते, पण ती सहाच महिन्यांची आणि तिच्या शेवटी ट्रेडचं अप्रेंटिस सर्टिफिकेट नाही, म्हणून ती सोडली.

अप्रेंटिस भरतीच्या मेळाव्यात दोन ठिकाणी निवड झाली. एक, घरापासून अर्ध्या तासावरचं मध्यम आकाराचं वर्कशॉप, साधे लेथ आणि थोड्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन, ८,०५० म्हणजे बरोबर कायद्याएवढे. दुसरी, पुण्याकडची मोठी ऑटो पार्टची कंपनी, नाव घेत नाही, १२,५००, कँटीन, बस, युनिफॉर्मवर लोगो. सगळ्यांनी एकमतानं मोठी कंपनी म्हटलं. मी पण. तिथं कुठल्या डिपार्टमेंटला घालणार हा प्रश्न ना त्यानं विचारला ना आम्ही.

फायनल इन्स्पेक्शन आणि पॅकिंगला घातलं. पार्ट पुसायचा, गेज लावून माप बघायचं, बॉक्समध्ये ठेवायचा, स्टिकर लावायचा. पाच पोरांत एक खोली, प्रत्येकी अडीच हजार. अकरा आठवडे झाले तरी लेथचा आवाज लांबूनच. करारावर ट्रेड टर्नर लिहिलेला आणि वर्षाच्या शेवटी परीक्षाही टर्नरचीच. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "हात विसराय लागलेत मावशी."

सोडून यायचं का? मध्येच सोडलं तर करार रद्द करायची प्रक्रिया, विद्यावेतन बंद, नवीन ठिकाणी परत पहिल्यापासून. नुसतं सहन करायचं का? बरेच जण तेच करतात, बारा महिने काढतात, सर्टिफिकेट घेतात. त्याच्या खोलीतली बाकीची चार पोरं तेच करत होती.

मी अर्ज लिहून दिला, दीड पानी, उपरोक्त विषयास अनुसरून वगैरे. आयटीआयच्या सरांनी तो वाचला आणि म्हणाले मॅडम, एवढं कोण वाचतंय. त्यांनी चार ओळींचा केला. करारातला ट्रेड टर्नर आहे, अमुक तारखेपासून मशीनवर काम मिळालेलं नाही, परीक्षा टर्नर ट्रेडची आहे, मशीन शॉपला बदली मिळावी ही विनंती. आणि खाली, प्रत माहितीसाठी जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्राला, म्हणजे अप्रेंटिसचं काम बघणारं सरकारी केंद्र. सोबत त्यानं रोज लिहिलेल्या डायरीच्या झेरॉक्स, ज्यात ओळीनं पॅकिंग, पॅकिंग, स्टिकर, पॅकिंग.

ट्रेनिंग ऑफिसरनं बोलावून झापलं, आजकालच्या पोरांना काम नको असतं, इकडं काय वाईट आहे, एसीत बसतोस. पण तीन आठवड्यांत बदली झाली, सीएनसी टर्निंगला, थर्ड शिफ्टला. शिफ्ट मुद्दाम तशी दिली असं बंड्याला वाटतं, मला माहीत नाही. पण रात्रीच्या शिफ्टला एक वयस्कर सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, होता, त्यानं याला धरलं. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) कधी बदलायचा, आवाजावरून कसं ओळखायचं, ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) कसा द्यायचा. एकदा यानं ०.०३ च्या जागी ०.३ टाकला आणि चौदा पीस स्क्रॅप झाले. त्या माणसानं शिफ्ट रिपोर्टवर स्वतःची सही केली आणि याला चहा पाजला. म्हणाला आता आयुष्यात पॉइंटनंतरचं शून्य विसरणार नाहीस.

काय झालं शेवटी

वर्ष संपल्यावर कंपनीनं ठेवलं नाही. कायद्यानं अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नाही, आणि करारात तसं कबूल केलेलं नसेल तर पुढं कामावर घ्यायचं बंधन नसतं. आलेल्या बॅचमधले मोजके ठेवले, तेही कॉन्ट्रॅक्टवर. हे आम्हाला आधी माहीत असतं तर धक्का कमी बसला असता.

बंड्या कोल्हापूरला परत आला आणि गंमत म्हणजे ज्या वर्कशॉपला आधी नाही म्हटलं होतं तिथंच गेला. मालकानं इंटरव्ह्यू वगैरे काही घेतला नाही, एक ड्रॉइंग आणि बार दिला, म्हणाला कर. सेटर-कम-ऑपरेटर म्हणून लागला, साडेएकोणीस हजार आणि ओव्हरटाइम, पीएफ कापतात. पाटल्या सुटल्या.

दुसरी बाजूपण लिहिते. बारावीला त्याच्या शेजारी बसणारा मित्र इंजिनिअरिंगला गेला, तोही चांगला चाललाय, हुशार आहे, बंड्यापेक्षा पुढं जाईल बहुतेक. बंड्याची पाठ दुखते, आठ-आठ तास उभं राहून. डाव्या अंगठ्यावर चिपनं कापल्याची खूण आहे. पगार दरवर्षी किती वाढेल याची खात्री नाही. पुढं वाढायचं तर डिप्लोमा करायला पाहिजे हे त्याला कळतंय पण कामावरून येऊन पुस्तक धरलं की झोप लागते. आणि दाजी अजूनही कुणी विचारलं तर "कंपनीत आहे" एवढंच म्हणतात, आयटीआय हा शब्द येत नाही तोंडात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी ती सीट. सीट लागली की आधी प्रवेश घ्यायचा, मग हवी ती परीक्षा द्या, पुढं रद्द करता येतो. जास्तीत जास्त फीचे थोडे पैसे जातात. न घेतलेली सीट मात्र कुणी राखून ठेवत नाही. इलेक्ट्रिशियन झाला असता तर आज कुठं असता माहीत नाही, कदाचित महावितरणला, कदाचित गावात पाण्याच्या मोटारी भरत, म्हणजे रिवाइंड करत. टर्नर झाला म्हणून वाईट झालं असं नाही. पण निवडायची संधी त्याची होती आणि ती मी घालवली.

दहावीला ७६ टक्के असताना त्याच वर्षी डिप्लोमा किंवा आयटीआय यावर निदान एक संध्याकाळ बोलायला पाहिजे होतं. आमच्याकडं हे रस्ते आपटल्यावरच आठवतात, त्यामुळं पोरगं तिथं पोचतं तेच हरून. बंड्याला पहिले सहा महिने वर्गात मान वर करायला लागले. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांत हा अठराचा, बारावी झालेला, त्याला सगळे "काका" म्हणायचे.

अप्रेंटिसशिपला मेळाव्यातच विचारायचं होतं की कुठल्या शॉपला घालणार, मशीनवर कोण शिकवणार, मागच्या वर्षीच्या पोरांनी काय केलं. मागच्या बॅचच्या एकाचा नंबर मिळवला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. साडेचार हजार जास्त दिसले आणि सगळ्यांचे डोळे तिथंच अडकले, खोलीचं आणि जेवणखाण्याचं भागवल्यावर हातात घराजवळच्या वर्कशॉपएवढेच उरत होते. पण कुणी म्हणेल की मोठ्या कंपनीत गेला नसता तर तो रात्रपाळीचा सेटर भेटला नसता. हे पण खरंच. अर्ज मात्र अकरा आठवडे थांबून नाही तर तिसऱ्या आठवड्यातच द्यायला पाहिजे होता, आणि रोजची डायरी खरी खरी लिहिली होती म्हणूनच तो अर्ज चालला.

आणि माझ्यापुरतं, मी यंदा वर्गात मार्कलिस्टमधून प्रॅक्टिकलचे मार्क वजा करून पोरांच्या पालकांना दाखवायला लागलेय. काहीजण नाराज होतात.

बंड्याच्या धाकट्या बहिणीची यंदा दहावी झाली. ८१ टक्के. परवा जेवताना दाजी म्हणाले सायन्सच घेऊया की हिला. बंड्या ताटावरून न उठता म्हणाला, "आधी तिला इच्चारा." ती म्हणाली मला ड्राफ्ट्समन करायचंय. अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं माहितीपुस्तिका आण.